गायन-स्पर्धेतील स्पर्धक मुलीचे विकिपीडियावर स्वतंत्र पान असावे का?

सदाशिव पेठेत गाण्याचे वर्ग चालवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची १४ वर्षांची विद्यार्थिनी एका मराठी वाहिनीवरील गायन-स्पर्धेत शेवटच्या सहा जणांत पोहोचली. कार्यक्रम चालू असतानाच कोणा चाहत्याने मराठी विकिपीडियावर तिच्या नावाचे पान तयार केले, आणि आता त्या पानावर उल्लेखनीयता सिद्ध होत नसल्यामुळे ते काढावे अशी सूचना लागली आहे. मुलगी गुणी आहे, लाखो घरांत तिचे गाणे ऐकले गेले, मग तिची नोंद का नको, आणि पान वाचवायचे असेल तर काय करावे, असे त्यांनी मनापासून विचारले आहे.

मी गेली पंधरा वर्षे मराठी आणि इंग्रजी विकिपीडियावर प्रामुख्याने संगीत आणि रंगभूमीविषयीच्या पानांवर काम करतो, त्यामुळे एखादे पान ठेवावे की काढावे याच्या चर्चांमध्ये अनेकदा भाग घेतला आहे. उत्तर लिहिण्यापूर्वी ते पान आणि त्याखालचे सर्व १४ संदर्भ वाचले. माझे मत असे झाले आहे की आज तिचे स्वतंत्र पान राहू नये. तिच्या नावाचा शोध घेणारा वाचक कार्यक्रमाच्या पानावर पोहोचावा आणि तेथे तिची माहिती दोन-तीन ओळींत असावी. हे मत आपल्याला कटू वाटेल याची जाणीव आहे, म्हणून त्यामागची कारणे नीट मांडतो.

प्रथम ‘उल्लेखनीयता’ या शब्दाविषयी. हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनाला लागतो, कारण बोलण्यात त्याचा अर्थ ‘नाव घेण्याजोगे’ असा होतो. मग ‘उल्लेखनीय नाही’ म्हणजे ‘नाव घेण्याजोगी नाही’ असे कोणालाही वाटणारच. विकिपीडियावर त्याचा अर्थ पुष्कळ मर्यादित आहे. त्या व्यक्तीशी काहीही देणेघेणे नसलेल्या विश्वासार्ह लेखकांनी तिच्याविषयी स्वतःहून, पुरेशा विस्ताराने लिहिले आहे का, एवढेच त्यात पाहिले जाते. आवाजाची जात, सुरांचा लगाव, तालमीची वर्षे यांचे मोजमाप करण्याचा अधिकार तेथे कोणालाही नाही, आणि असूही नये. पुण्याला कोशांची मोठी परंपरा आहे. श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड असोत की सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात सिद्ध केलेले प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन चरित्रकोश असोत, कोणाची नोंद घ्यायची आणि किती ओळींची घ्यायची हे संपादक ठरवीत असे आणि त्या निवडीला त्याचे नाव व व्यासंग तारण असे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला असा कोणी मुख्य संपादक नाही. लिहिणारा टोपणनावाने लिहितो आणि त्याचा व्यासंग तपासण्याची सोय नाही, म्हणून संपादकाच्या जागी संदर्भ आले. संदर्भ नसतील तर पानावरचे वाक्य खरे की खोटे हे सांगणारे तेथे कोणीच उरत नाही.

आता त्या १४ संदर्भांकडे वळतो, कारण सगळा निर्णय तेथेच आहे. त्यांतील पाच दुवे वाहिनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाचे आणि यूट्यूबवरील भागांचे आहेत. ते खोटे नाहीत. ती कोणत्या भागात काय गायली हे त्यांतून कळते. परंतु वाहिनीने आपल्या स्पर्धकाविषयी लिहिणे म्हणजे मंगल कार्यालयाच्या मालकाने आपल्याच कार्यालयातील जेवणाची वाखाणणी करण्यासारखे आहे. पुढचे चार दुवे वेगवेगळ्या बातमी-संकेतस्थळांचे आहेत, आणि पहिल्या दृष्टीला ते भक्कम वाटतात. मी ते चारही एकाखाली एक ठेवून वाचले. चारही ठिकाणी दुसरा परिच्छेद ‘लहान वयातच सुरांची उत्तम जाण असलेल्या’ या शब्दांनी सुरू होतो, चारही ठिकाणी तिच्या आजीविषयीचे तेच वाक्य आहे, आणि आजीच्या गावाच्या नावातील ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूकही चारही ठिकाणी आहे. म्हणजे हे वाहिनीने पाठवलेले एकच प्रसिद्धिपत्रक असून ते चार जागी जसेच्या तसे छापले गेले आहे. अशा मजकुराची गणना चार अशी होत नाही. स्वतंत्र लेखन म्हणून तर ती शून्य होते. त्यापुढचा एक दुवा पाहिला, तर मजकुराच्या तळाशी बारीक अक्षरांत तो प्रायोजित असल्याचे लिहिले आहे. दुसरा दुवा वाचकांनीच माहिती भरायच्या चित्रपटविषयक संकेतस्थळाचा आहे. तेथे कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून तोही बाद होतो.

उरले तीन. एक तिची मुलाखत आहे; ती सुंदर आहे, मात्र मुलाखतीत माणूस स्वतःविषयी बोलतो, त्यामुळे एखाद्या तपशिलापुरता तिचा उपयोग होतो, उल्लेखनीयतेसाठी होत नाही. दुसरी गणेशोत्सवातील सत्काराची बातमी असून तिच्यात सत्कारमूर्तींच्या यादीत तिचे नाव आहे, एवढेच. तिसरा संदर्भ मात्र मला थांबवणारा निघाला. एका दैनिकाच्या पुणे आवृत्तीत तिच्या एका छोट्या मैफलीवर आलेले ते समीक्षण आहे. लिहिणाऱ्याने तिच्या गाण्यातील दोन जागा नेमक्या दाखवल्या आहेत, द्रुत बंदिशीत तानांची घाई झाल्याचेही सांगितले आहे, आणि स्पर्धेचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. हाच खरा स्रोत होय. कोणी तरी तिचे गाणे ऐकायला गेले, त्याला काहीतरी वाटले आणि ते त्याने कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहिले. चौदांतून असा एक निघाला. स्वतंत्र चरित्राला साधारणपणे असे तीन-चार तरी लागतात, आणि तेही एकाच महिन्यातले नसावेत.

‘शेवटच्या सहांत आली याला काहीच किंमत नाही का?’ असे आपण विचारले आहे. इंग्रजी विकिपीडियावर संगीतकारांसाठी जे स्वतंत्र निकष आहेत, त्यांत एखाद्या मोठ्या संगीत-स्पर्धेत पहिला, दुसरा किंवा तिसरा क्रमांक मिळवलेली व्यक्ती उल्लेखनीय असू शकते, असे म्हटले आहे. ‘असू शकते’ हे शब्द तेथे जाणीवपूर्वक ठेवलेले आहेत. क्रमांकावरून फक्त असा अंदाज बांधायचा की या व्यक्तीविषयी स्वतंत्र लेखन झालेले असण्याचा संभव आहे. ते लेखन सापडले नाही तर अंदाज मागे घ्यायचा. त्याच निकषांत पुढे असेही स्पष्ट केले आहे की ज्या गायकाची ओळख केवळ एका रिॲलिटी मालिकेतील सहभागापुरती आहे, त्याचे नाव त्या मालिकेच्या पानाकडे वळवता येते, आणि ती व्यक्ती स्वतःच्या कामाने ओळखली जाईपर्यंत ते तसेच ठेवता येते. मराठी विकिपीडियावर असे सगळे नियम इतक्या बारकाईने लिहिलेले नाहीत. चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या जागी, आणि त्या त्या लेखाच्या चर्चा पानावर जे ठरते त्यालाही तेथे वजन असते. तत्त्व मात्र तेच आहे. यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. या स्पर्धांतील क्रमांक परीक्षकांइतकाच प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो, आणि स्पर्धा भरवणारी, दाखवणारी व तिची प्रसिद्धी करणारी संस्था एकच असते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार किंवा संगीत नाटक अकादमीचा २००६ पासून दिला जाणारा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार यांच्याशी अशा क्रमांकाची तुलना करता येत नाही.

क्रमांक आणि चरित्र यांचा संबंध किती सैल असतो हे पाहायचे तर काही सर्वज्ञात उदाहरणे पुरेशी आहेत. जेनिफर हडसन २००४ साली ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये सातव्या क्रमांकावर बाहेर पडल्या आणि २००७ साली त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अरिजित सिंग २००५ च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये विजेते नव्हते, त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते २०१३ साली ‘आशिकी २’मधील गाण्यांनी. आपल्याकडे सावनी रवींद्र मराठी ‘सारेगमप’च्या स्पर्धक होत्या, पण त्यांच्या नोंदीचा भक्कम आधार म्हणजे ‘बार्डो’ या मराठी चित्रपटातील गाण्यासाठी मिळालेला, २०२१ साली जाहीर झालेला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार. या तिघांची पाने स्पर्धेनंतर लगेच केली असती तर त्यांत काय लिहिता आले असते, याचा विचार करावा: जन्मगाव, गुरूंचे नाव, कोणत्या भागात कोणते गाणे आणि कोणत्या आठवड्यात निरोप. एवढ्या मजकुराचे चरित्र होत नाही.

अपवाद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या पर्वात कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांचीही नावे आज घरोघरी माहीत आहेत. त्या काळी पुण्यात सोमवारी-मंगळवारी रात्री दुकानांतले दूरचित्रवाणी संच त्याच वाहिनीवर लावलेले मी पाहिले आहेत. तरीही त्यांच्या पानांना आधार मिळतो तो त्यांनी नंतर केलेल्या कामाचा. आर्या आंबेकर यांनी २०१७ साली ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटात नायिकेची भूमिका केली, पार्श्वगायन केले आणि त्यावर वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिले. लोकप्रियतेच्या त्या लाटेत जे लिहिले गेले, त्याच्या पलीकडचे हे लेखन आहे.

आपल्या पत्रातील एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वृत्तपत्रांनी लिहिले तरच नोंद, असा नियम असेल तर ज्यांच्याकडे वृत्तपत्रांचे लक्षच जात नाही त्यांनी काय करावे, असे आपण लिहिले आहे. ही तक्रार खरी आहे, आणि मी स्वतः ती चावडीवर अनेकदा मांडली आहे. चाळीस वर्षे फडावर उभे राहिलेले शाहीर, वगनाट्यातले सोंगाडे, गावोगाव फिरलेले कीर्तनकार, आकाशवाणीवर अनेक वर्षे गायलेल्या पण शहराबाहेर राहिल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या गायिका, यांच्यासाठी संदर्भ शोधताना जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी मी गौरव-अंक, स्मरणिका, विद्यापीठांतील प्रबंध, जिल्ह्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक, जे मिळेल ते चाळतो, आणि एका कलावंतासाठी महिनाभर लागला तरी तो वेळ सत्कारणी लागला असे मानतो. परंतु वाहिनीवरील स्पर्धकाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्याच्याविषयी शाई पुष्कळ खर्च झालेली असते, पण ती एकाच दौतीतली असते. शाहिराचे काम आहे आणि लेखन नाही. स्पर्धकाविषयीचे लेखन आहे आणि काम अजून व्हायचे आहे. दोघांना एकच फूटपट्टी लावू नये हे मला मान्य आहे, मात्र ती सैल करायचीच असेल तर प्रथम शाहिरासाठी करावी असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयात इतका आग्रही झालो ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या स्पर्धेतील मुलाचे पान काढण्याची चर्चा चालू होती, आणि ‘मराठी मुलगा आहे, राहू द्या’ अशा भावनेने मी ते ठेवण्याच्या बाजूने लिहिले. पान राहिले. मुलाचा आवाज फुटला, गाणे मागे पडले, तो अभियांत्रिकी शिकून हिंजवडीत नोकरीला लागला. त्याच्या पानाकडे लक्ष देणारे कोणी नव्हते, कारण त्यात लिहिण्यासारखे नवे काही घडत नव्हते. अशा बेवारस पानावर कोणी अनामिकाने एका रात्री ‘आवाज गेल्यामुळे कारकीर्द संपली’ असे लिहिले, खाली एका सहकाऱ्याच्या नावाने अश्लाघ्य ओळ घातली, आणि ती आठ महिने कोणाच्या नजरेस पडली नाही. त्याच्या लग्नाचे पाहताना मुलीकडच्यांनी नाव शोधले तेव्हा सर्वांत वर तेच पान आले. त्याने मला लिहिलेल्या पत्रात राग नव्हता. ‘मी गायक नाही, हे पान कसे काढता येईल?’ एवढाच प्रश्न होता. ते पान काढून घ्यायला मला तीन आठवडे लागले. इंग्रजी विकिपीडियावर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक धोरण आहे, तेथे पहारा देणारेही पुष्कळ आहेत. मराठीत नियमित काम करणारे थोडे आहेत, म्हणून आपल्याकडे दुर्लक्षित पान अधिक काळ दुर्लक्षित राहते. पान तयार करणाऱ्या चाहत्याचा उत्साह एका पर्वापुरता असतो आणि पानाचे ओझे त्या मुलाने पुढे आयुष्यभर वाहायचे असते.

आपली विद्यार्थिनी तर अजून १४ वर्षांची आहे. तिच्या पानावर आज पूर्ण जन्मतारीख, शाळेचे नाव, इयत्ता आणि ती राहते त्या गृहसंकुलाचा उल्लेख आहे. पान राहो वा न राहो, हा मजकूर आजच्या आज काढला पाहिजे. केवळ खोडून भागत नाही, कारण पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती कोणालाही वाचता येते. ती आवृत्ती लपवण्याची विनंती प्रचालकांकडे, म्हणजे पाने काढण्याचे व लपवण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांकडे, करावी लागते. ही विनंती कोणीही करू शकतो, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ती सहसा तातडीने मान्य होते. हे उत्तर लिहिण्यापूर्वीच मी तशी विनंती केली आहे.

आपण असेही लिहिले आहे की मुलीच्या वडिलांना एका व्यक्तीचा फोन आला आणि पान ‘पक्के’ करून देण्यासाठी तिने पैसे मागितले. कृपया एक रुपयाही देऊ नये. पान कायम राहील अशी हमी देण्याचा अधिकार कोणाकडेही नाही, प्रचालकांकडेही नाही. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे उघड करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि फोन करणारे लोक ते करीत नाहीत. असे पान पकडले गेले की त्याच्याबरोबर मुलीचे नावही नको त्या चर्चेत येते.

पान वाचवण्यासाठी वर्गातील मुलांना नवी खाती उघडून ‘पान ठेवा’ असे लिहायला सांगावे का, असे आपण विचारले आहे. तसे करू नये. पान काढण्याविषयीची ती चर्चा मते मोजण्यासाठी नसते. मुद्दे आणि संदर्भ तोलण्यासाठी असते. एकाच दिवशी उघडलेल्या वीस खात्यांनी एकसारखे वाक्य लिहिले तर ते वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकासारखेच वाचले जाते, आणि सगळी खाती बंद होण्याचा संभव असतो. त्याऐवजी आपण स्वतः एकच नोंद करावी. आपण तिच्या गुरू आहात हे पहिल्या वाक्यात सांगावे. हितसंबंध उघड केला की उलट आपल्या शब्दाला वजनच येते. त्यानंतर ते समीक्षण कोणत्या दैनिकातले आहे ते सांगून, पान काढण्याऐवजी कार्यक्रमाच्या पानाकडे पुनर्निर्देशित करावे, म्हणजे वळवावे, अशी सूचना मांडावी. पुनर्निर्देशनाचा लाभ असा की आजवर लिहिलेला मजकूर इतिहासात शिल्लक राहतो. पुढे स्वतंत्र पानाची वेळ आली तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. मी त्या सूचनेला पाठिंबा देईन आणि कार्यक्रमाच्या पानावरील तिच्याविषयीच्या ओळी नीट लिहून देईन. ज्या चाहत्याने पान केले त्याच्याशी ओळख असेल तर त्याला रागावू नये. त्याने धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मजकुराच्या पानावर, मजकूर ठेवून थांबायला हवे होते, एवढेच त्याचे चुकले.

ती वेळ येईल तेव्हा कशावरून ओळखावी, हेही सांगतो. ‘सवाई गंधर्व’च्या मंचावर गाणे झाले आणि त्यावर दोन-तीन समीक्षकांनी लिहिले, एखाद्या चित्रपटातील तिच्या गाण्याची दखल स्वतंत्रपणे घेतली गेली, एखादा राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान मिळाला, किंवा तिच्या गायकीवर कोणी सविस्तर लेख लिहिला, तर आपण मला कळवावे. संगीताच्या परीक्षा देऊन विशारद किंवा अलंकार होणे, आकाशवाणीची श्रेणी मिळणे या गोष्टी तिच्यासाठी मोठ्या आहेत, आणि पान झाल्यावर त्या त्यात अवश्य येतील. त्यांच्यामुळे पान होत नाही.

तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. पुणे आवृत्त्यांच्या पुरवण्यांतील बराच मजकूर इंटरनेटवर टिकत नाही, म्हणून तिच्याविषयी जे जे छापून येईल त्याचे कात्रण ठेवावे आणि मागे दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख, पृष्ठ आणि लेखकाचे नाव लिहावे. आपण पाठवलेल्या समीक्षणाच्या छायाचित्रात वरचा भाग कापला गेला आहे, त्यामुळे तारीखही दिसत नाही आणि समीक्षकाचे नावही अर्धेच दिसते, आणि पानावर दिलेला त्याचा दुवा तर आताच उघडेनासा झाला आहे. मूळ अंक घरी नसेल तर मैफल कोणत्या आठवड्यात झाली होती ते कळवावे. मी वाचनालयात जाऊन त्या आठवड्याचे अंक पाहीन.